पाटीच्या खाणींतील मुकीं यंत्रें

पाटीवर मुळाक्षरें गिरवूनच विद्यारंभ होण्याचा काळ महाराष्ट्रांतील अनेकांच्या स्मरणांत आहे. परंतु ज्या दगडाची ती पाटी, त्याच जातीच्या दगडासाठीं उत्तर वेल्समध्यें डोंगरच्या डोंगर पोखरले गेले आणि त्याच्या पातळ फळ्यांनीं दूरदूरच्या शहरांतील घरें शाकारलीं गेलीं, ही गोष्ट फारशी ऐकिवांत नसते. लानबेरिस गांवाजवळील डिनॉर्विकची खाण १७८७ सालीं सुरू झाली. भरभराटीच्या काळांत तेथें ३,००० हून अधिक माणसें राबत. १९६९ सालीं ती बंद पडली, यंत्रसामग्री लिलावांत निघाली, आणि उंच टप्प्यांवरून जें उतरवून नेणें अवघड होतें, तें जागच्या जागीं गंजत राहिलें.

अशीं यंत्रें ओळखावयाचीं कशीं? कारखान्याच्या नांवाची पट्टी बहुधा आधींच नाहींशी झालेली असते. म्हणून यंत्राकडे पाहण्यापूर्वीं जागेकडे पाहावें लागतें. उतरणीच्या माथ्यावर दोन दगडी भिंतींच्या मधोमध एक मोठा रहाट दिसला, कीं तो एखाद्या इंजिनानें फिरत असावा असें प्रथम वाटतें. पण जवळपास बॉयलरचा ओटा नाहीं, धुराडें नाहीं. आहे तो केवळ एक ब्रेक. तेव्हां उलगडा होतो. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या भारानें खालीं जात आणि दोराच्या दुसऱ्या टोकाच्या रिकाम्या वाघिणी त्यामुळें वर ओढल्या जात.

शेजारच्या नँटले खोऱ्यांत याच्या उलट प्रकार. तेथें दगड खोल खड्ड्यांतून वर काढावयाचा असे. म्हणून खड्ड्यावरून तारेचे जाड दोर ताणून त्यांवरून माल वाहून नेत. १८५९ सालीं नायगाराची दरी दोरावरून चालत ओलांडणाऱ्या ब्लाँडिनचेंच नांव कामगारांत या साधनास पडलें. खड्ड्यांत पाणीही सांचे. तें उपसण्यासाठीं डोरोथिया खाणींत कँबॉर्नच्या होल्मन बंधूंनीं १९०४ सालीं बनविलेलें वाफेचें प्रचंड इंजिन बसविलें. तें १९०६ पासून १९५१ पर्यंत चाललें, आणि आजही आपल्या उंच घरांत उभें आहे.

खरी परीक्षा लागते ती कापणीच्या गिरण्यांत. तेथें यंत्र गेलें तरी जमिनींतील बोल्टांच्या रांगा आणि टाकाऊ दगडांवरील खुणा उरतात. जॉन व्हाइटहेड ग्रीव्ह्ज याच्या मेजाची चक्राकार करवत पातळ. जेम्स हंटर याच्या करवतीस बदलतां येणारे दात असून तिचा काप रुंद. त्यामुळें टाकून दिलेला एखादा दगडच हरवलेल्या यंत्राची ओळख पटवितो. मात्र पलीकडच्या लहान छपरांत कशाचाच मागमूस नसला, तर यंत्र चोरीस गेलें असें मानूं नये. दगडाच्या फळ्या फोडण्याचें काम शेवटपर्यंत छिन्नी व मोगरीनें हातांनींच होत असे.

या ओळखीस महत्त्व कां द्यावें? करवतीनें काम जलद झालें, पण तिनें बंद गिरणींत बारीक धूळही भरली, आणि ती धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठत गेली. एके काळीं मालकांच्या पदरचे कांहीं डॉक्टर या दुखण्याचा दोष फार वेळ उकळलेल्या चहास देत. धुळीच्या रोगानें पीडित झालेल्या, पण मालकच न उरल्यामुळें भरपाईस मुकलेल्या कामगारांना १९७९ च्या कायद्यानें कांहींशी दाद मिळाली. कोणत्या गिरणींत कोणती करवत होती हें समजलें, म्हणजे कोणत्या माणसानें कोठें उभें राहून कोणती हवा घेतली, हेंही समजूं लागतें.

डिनॉर्विकच्या जुन्या कर्मशाळेंत १९७२ सालीं संग्रहालय उघडलें. २०२१ सालीं या खाणींच्या प्रदेशास युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. तरीही डोंगरावरील एखादें चक्र शोभेसाठीं खालीं आणलें, तर तें कोणत्या भिंतीशीं, कोणत्या रुळाशीं बांधलेलें होतें, तो संबंध कायमचा तुटतो. अशा ठिकाणीं आधीं मोजावें, रेखावें, छायाचित्र घ्यावें, आणि मगच हात लावावा. कारण त्या लोखंडाची साक्ष त्याच्या जागेवरच पुरी होते.