चित्रपटांचे राज्य पुरस्कार

भारत सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्याने १९५४ साली सुरू केलेले, देशातल्या सर्व भाषांतील चित्रपटांसाठीचे वार्षिक पुरस्कार. आजचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार ते हेच. नावातला ‘राज्य’ हा शब्द आजच्या वाचकाला फसवतो. तो महाराष्ट्र, बंगाल अशा घटकराज्यांना उद्देशून नाही. राज्यसंस्था, म्हणजे भारतीय गणराज्य, या अर्थाने तो योजला होता. महाराष्ट्र शासनाचे मराठी चित्रपट पुरस्कार वेगळे. ते महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरचे. प्रस्तुत नोंद १९५३ ते १९६६ या वर्षांतल्या चित्रपटांना दिलेल्या पहिल्या चौदा पुरस्कारांपुरती आहे. या काळात सरकार पदक देत होते ते चित्रपटाला. नट, गायक, संगीतकार यांच्यासाठी पुरस्कारच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सरकार आणि चित्रपटव्यवसाय यांचे सूत जुळायला वेळ लागला. करमणूक कराच्या ओझ्याविरुद्ध ३० जून १९४९ रोजी देशभरची चित्रपटगृहे बंद ठेवण्यात आली. त्याच वर्षी सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. व्ही. शांताराम आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे दोघे जाणते निर्माते तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. चित्रपटांना भांडवल पुरवणारे महामंडळ आणि शिक्षण देणारी संस्था असावी, असे त्यात सुचवले होते. दोन्ही गोष्टी उभ्या राहायला १९६० साल उजाडले. शिक्षणसंस्था पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात आली. पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरला आणि इटालियन नववास्तववादी चित्रपट इथल्या दिग्दर्शकांनी पाहिले, ही त्याच वर्षांतली घडामोड. कर आणि सेन्सॉरची कात्री एवढेच नाते असलेले सरकार आता चित्रपटाकडे संस्कृतीचा भाग म्हणून पाहू लागले होते.

हे पाहणे मात्र सरसकट नव्हते. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे होते. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा ही त्यांची तळमळ खरी होती, पण तिच्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा ती गाणी घरी परतली. ज्या खात्याने गाण्याला दार बंद केले होते, त्याच खात्याने चित्रपटाला सुवर्णपदक दिले. सुरुवातीच्या पुरस्कारांत संगीताला जागा का नव्हती, याचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

पहिला समारंभ १० ऑक्टोबर १९५४ रोजी नवी दिल्लीत झाला. १९५३ सालच्या चित्रपटांचा विचार झाला होता आणि पुरस्कार राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते देण्यात आले. सर्वोत्तम कथापटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आणि देवकी बोस यांचा बंगाली ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ यांना गुणवत्ता प्रमाणपत्रे मिळाली. अनुबोधपटाचे सुवर्णपदक फिल्म्स डिव्हिजनच्या ‘महाबलीपुरम्’ला गेले. त्याचे दिग्दर्शक जगत मुरारी पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राचार्य झाले.

‘श्यामची आई’ची निवड आज वाटते तितकी सरळ नव्हती. समोर ‘दो बिघा जमीन’ होता. कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारा बलराज साहनींचा शंभू ज्याने पाहिला, त्याला तो विसरता येत नाही. १९५४ मध्ये कान महोत्सवातही त्या चित्रपटाचा गौरव झाला. ‘श्यामची आई’ची जमेची बाजू वेगळी होती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कथा तोवर मराठी घराघरांत पोचल्या होत्या. आचार्य प्र. के. अत्रे यांनी निर्मिती, दिग्दर्शन आणि गीते ही तिन्ही कामे अंगावर घेतली. वनमालाबाईंनी आई उभी केली आणि माधव वझे या मुलाने श्याम. कोकणातली गरिबी चित्रपटाने ना सजवून मांडली, ना तिचे भांडवल केले. देव, दागिने, चमत्कार यांपैकी कशाचाही आधार न घेता एका साध्या घरातली शिस्त आणि माया त्याने पडद्यावर आणली. पडद्यावरची कला म्हणून ‘दो बिघा जमीन’ उजवा होता, असे माझे मत आहे. तरीही हिंदीच्या बाजारपेठेबाहेरच्या चित्रपटाला पहिल्याच वर्षी देशाचे सर्वोच्च पदक मिळाले, याचे मोल मोठे आहे. पुरस्कार कोणत्याही एका भाषेचे नाहीत, हे त्यातून पहिल्या दिवशीच ठरले.

त्याच वर्षी, पण दिल्लीच्या समारंभाच्या सहा महिने आधी, मुंबईत दुसरी परंपरा सुरू झाली होती. ‘फिल्मफेअर’ पाक्षिकाचे पहिले पुरस्कार २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो चित्रपटगृहात दिले गेले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या दिवंगत समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून त्यांना आरंभी ‘क्लेअर्स’ म्हणत. पुरस्काराची स्त्रीमूर्ती शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली. चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार असे पाचच विभाग होते आणि कौल वाचकांच्या मतांवर ठरला. ‘दो बिघा जमीन’ व बिमल रॉय, ‘दाग’साठी दिलीपकुमार, ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी आणि नौशाद हे पहिले मानकरी. दोन्ही पुरस्कारांची घडण शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. फिल्मफेअरने हिंदी चित्रपट आणि त्यातली माणसे निवडली. सरकारने सर्व भाषा घेतल्या आणि माणसे वगळली. कलकत्त्यात १९३७ मध्ये स्थापन झालेली बंगालच्या चित्रपट पत्रकारांची संघटना या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून पुरस्कार देत होती, पण तिचा प्रभाव बंगालभोवतीच राहिला.

सरकारी निवड समित्यांमार्फत होई. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन निर्मितिकेंद्रांतल्या प्रादेशिक समित्या चित्रपट चाळून पुढे पाठवीत आणि अंतिम निर्णय दिल्लीची केंद्रीय समिती घेई. दुसऱ्या वर्षी या रचनेत महत्त्वाची भर पडली. भाषावार सर्वोत्तम चित्रपटाला राष्ट्रपती रौप्यपदक देण्यास सुरुवात झाली. त्या वर्षी मराठीचे रौप्यपदक अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मिळाले. बाबूराव पेंढारकर त्यात जोतीराव झाले होते. मल्याळमचे रौप्यपदक पी. भास्करन् आणि रामू कारियाट यांच्या ‘नीलक्कुयिल’ला मिळाले. अस्पृश्य मुलीच्या वाट्याला आलेल्या अन्यायाची ती कथा होती. पदकाच्या तोलाचे काम नाही असे समितीला वाटले, तर त्या भाषेला प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागे. कन्नडच्या ‘बेडर कण्णप्पा’चे तसे झाले, आणि राजकुमार यांची कारकीर्द तर त्याच चित्रपटातून उभी राहिली. छोट्या भाषांतल्या निर्मात्यांना दिल्लीकडून मिळणारी ही दाद फार मोलाची होती. मराठीत पुढे ‘पाठलाग’, भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ असे चित्रपट या पदकापर्यंत पोचले.

सुवर्णपदकांचा हिशेब मांडला तर चित्र थोडे वेगळे दिसते. चौदा वर्षांत बंगालीला सात, हिंदी-उर्दूला पाच, मराठीला एक आणि मल्याळमला एक अशी ती वाटली गेली. बंगालीची सात पदके म्हणजे ‘पथेर पांचाली’, ‘काबुलीवाला’, ‘सागर संगमे’, ‘अपूर संसार’, ‘भगिनी निवेदिता’, ‘दादाठाकूर’ आणि ‘चारुलता’. यांतली तीन सत्यजित राय यांची. ‘पथेर पांचाली’ला पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरवला होता, म्हणजे एका सरकारच्या चित्रपटाला दुसऱ्या सरकारचे पदक मिळाले. ते मिळायलाच हवे होते, याबद्दल आज कोणी शंका घेणार नाही. हिंदी-उर्दूच्या वाट्याला ‘मिर्झा गालिब’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘अनुराधा’, ‘शहर और सपना’ आणि ‘तीसरी कसम’ आले. दक्षिणेला पहिले सुवर्णपदक मिळायला १९६५ सालचा ‘चेम्मीन’ यावा लागला. मद्रासच्या स्टुडिओंतून निघणाऱ्या तमिळ-तेलुगू चित्रपटांची संख्या पाहता ही उपेक्षा सलणारी आहे. मराठीलाही दुसऱ्या सर्वोच्च पदकासाठी पन्नास वर्षे थांबावे लागले. ते संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००३ सालच्या पुरस्कारांत आणले.

‘दो आँखें बारह हाथ’ हिंदीत असला तरी त्याची मुळे माणदेशात होती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभारण्यात आली होती. तो प्रयोग ग. दि. माडगूळकरांच्या कथेतून शांतारामबापूंनी पडद्यावर आणला. १९५७ सालचे सुवर्णपदक आणि पाठोपाठ बर्लिन महोत्सवातले रौप्य अस्वल असे दोन्ही मान त्याला मिळाले. या चित्रपटाचे संगीत वसंत देसाईंचे. ‘श्यामची आई’चेही त्यांचेच. १९५५ सालचा सर्वोत्तम हिंदी चित्रपट ठरलेल्या ‘झनक झनक पायल बाजे’चेही त्यांचेच. कोकणातून आलेला, प्रभातमध्ये घडलेला हा संगीतकार राष्ट्रपतींच्या तीन पदकांमागे उभा होता आणि त्याच्या नावाने एकही पदक दिले गेले नाही, कारण तसा विभागच नव्हता. ‘मिर्झा गालिब’मध्ये सुरैयाने गालिबच्या गझला गायल्या, तिलाही हेच लागू. वनमालाबाईंनाही.

ही रचना जाणूनबुजून केलेली होती. चित्रपट हे सामूहिक काम आहे आणि त्याचा सामाजिक आशय तोलायचा, ताऱ्यांची लोकप्रियता नव्हे, असा विचार तिच्यामागे दिसतो. त्या काळच्या तारकापूजेला हा उतारा आवश्यक होता, असे म्हणता येईल. पण त्याची किंमत कलावंतांनी मोजली.

बदल झाला तो १९६७ सालच्या चित्रपटांपासून. दिग्दर्शन, अभिनय, संगीत, पार्श्वगायन अशा वैयक्तिक कामगिरीला प्रथमच पुरस्कार आले. नटाच्या पुरस्काराला ‘भरत’ आणि नटीच्या पुरस्काराला ‘उर्वशी’ अशी नावे होती. पहिले भरत उत्तमकुमार. पहिले संगीतकार के. व्ही. महादेवन्, तमिळ ‘कंदन करुणै’साठी. पहिली उर्वशी नर्गिस. ‘मदर इंडिया’मधल्या राधेसाठी तिला फिल्मफेअर आणि १९५८ मध्ये कार्लोव्ही व्हारी महोत्सवाचा अभिनय पुरस्कार मिळाला होता. राज्य पुरस्कारांत त्या वर्षी चित्रपटाला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले आणि तिच्यासाठी विभाग नव्हता. दहा वर्षांनी ‘रात और दिन’साठी उर्वशी तिच्या हाती आला, तेव्हा तो तिचा अखेरचा चित्रपट ठरला होता.