शस्त्रक्रियेनंतरचीं औषधें

माझ्या वडील बहिणीच्या स्तनांत कर्करोगाची गांठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, आणि आतां शिरेंतून औषधें घ्यावीं लागतील, असें डॉक्टरांनीं सांगितलें. शेजारच्या खाटेवरील बाईला मात्र तीं नकोत, असें ठरलें. “एकाच रोगाला दोन न्याय कां रे?” असें अक्कानें मला विचारलें. जन्मभर मुलांना शिकविणाऱ्यास हें ठाऊक असणारच, अशी तिची समजूत! उत्तर शोधतांना जो इतिहास हातीं लागला, तो आपणांपुढें ठेवितों.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य हॅल्स्टेड यांची धारणा अशी कीं, हा रोग स्तनांतून काखेंत, काखेंतून पुढें, असा पायरीपायरीनें पसरतो. म्हणून स्तन, छातीचे स्नायू आणि काखेंतील ग्रंथी हें सारें एकदम काढून टाकावें. तरीहि, ज्यांच्या ग्रंथींत रोग शिरला होता, अशा पुष्कळ स्त्रियांना तो कांहीं वर्षांनीं पुन्हा गांठीच. रोगाचे सूक्ष्म कण आधींच रक्तावाटे शरीरभर गेलेले असतात, असें पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर सांगूं लागले. जेथें सुरी पोंचत नाहीं, तेथें औषध पोंचलें पाहिजे, हें ओघानेंच आलें.

इटलींतील मिलान येथें बोनाडोना यांनीं १९७३ सालीं तीन औषधांची परीक्षा आरंभिली. त्यांपैकीं सायक्लोफॉस्फामाइड हें युद्धांतील मस्टर्ड वायूच्या कुळांतलें, ही गोष्ट मला तरी विलक्षण वाटते. ग्रंथींत रोग असलेल्याच स्त्रिया निवडल्या होत्या. १९७६ सालीं आकडे प्रसिद्ध झाले: केवळ शस्त्रक्रिया झालेल्या १७९ जणींपैकीं २४ टक्क्यांना रोग उलटला, औषधें घेतलेल्या २०७ जणींपैकीं ५.३ टक्क्यांनाच.

पुढें असें दिसलें कीं, खरा लाभ होतो तो मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना. वयस्करांना फारसा नाहीं. बोनाडोनांनीं नोंदी पुन्हा तपासल्या. वयस्कर स्त्रियांची मात्रा पुष्कळदां कमी केलेली आढळली. जवळजवळ पुरी मात्रा ज्यांना मिळाली, त्यांना वय कांहींहि असो, लाभ झाला होता, असें त्यांनीं १९८१ सालीं मांडलें. हा तर्क सर्वांनीं मानला नाहीं. परंतु ‘म्हातारीला सोसणार नाहीं’ या कळवळ्यानेंच म्हातारी वंचित राहते कीं काय, अशी शंका मला येते. आणि वय पाहून हात आंखडण्याची संवय अद्याप मोडलेली नाहीं.

यथाकाल गांठीचा स्वभावहि पाहूं लागले. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गांठीला पुष्कळदां गोळ्या पुरतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या परीक्षेंत गांठीच्या २१ जनुकांवरून गुण काढले होते. ग्रंथी निर्दोष, गांठ संप्रेरकांवर पोसलेली आणि गुण मध्यम, अशा बहुतेकींना शिरेंतील औषधांनीं अधिक लाभ झाला नाहीं. पन्नाशीच्या आंतल्या कांहींना मात्र थोडा झाला. शेजारणीच्या ग्रंथी निर्दोष होत्या. अक्काच्या चार ग्रंथींत रोग होता. दोन न्याय ते हे.

परंतु गरज ठरली म्हणजे औषध मिळतेंच, असें नाहीं. मुंबईस परळांत १९४१ सालीं टाटा रुग्णालय उघडलें. परगांवच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे. तरी पुन्हा पुन्हा घालावयाच्या फेऱ्या, बुडणारी मजुरी, घरीं लहान मुलें, आणि ‘गांठ काढली, आतां काय उरलें?’ ही नातलगांची समजूत, यांपायीं किती बायका मधूनच परततात! केंस गेल्यावर अक्काहि तिसऱ्या फेरीनंतर घरीं निघाली होती. सुनेनें रजा काढून तिच्यासोबत मुक्काम केला, म्हणून सहाहि फेऱ्या पुऱ्या झाल्या.