नावेची पाठ

चिक्कडपल्लीतून इंदिरा पार्कच्या अंगाने चालत निघावं, लोअर टँक बंड ओलांडून बांधावर चढावं, की हुसेनसागर समोर येतो. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, हुसेन शहा वली यांनी हा तलाव बांधून घेतला. साडेचारशे वर्षांत त्याने शहराला पाणी पाजलं, शहराचं सांडपाणी पोटात घेतलं, आणि आता तो शिडाच्या होड्यांचं मैदानही आहे. ईएमई सेलिंग असोसिएशनचा ‘हैदराबाद सेलिंग वीक’ इथेच भरतो. तलावातल्या खडकावर १ डिसेंबर १९९२ रोजी उभ्या राहिलेल्या बुद्धमूर्तीकडे जायलाही बोटच लागते.

काठावरच्या माणसाची नजर शिडावर जाते, नाहीतर बोटीच्या पुढच्या टोकावर. मागची उभी, सपाट भिंत कोणी बघत नाही. बोट बांधणारे तिला ट्रान्सम म्हणतात. सुकाणू तिलाच अडकवतात, बाहेरून लावायचं इंजिनही तिलाच टांगतात. जुनी फायबरची बोट नव्याने बांधायला काढली की बहुतेक वेळा पहिलं दुखणं इथेच सापडतं: एका अंगाला फुगवटा, दुसऱ्या अंगाला खळगा.

आपल्याकडच्या साध्या नावेला ही भिंत तशी उशिराच आली. कृष्णेवर चालणारी बांबूची, कातडं चढवलेली गोल टोपली घ्या. तेलुगूत तिला पुट्टी म्हणतात. तिला पुढचं-मागचं काही नसतंच. किनाऱ्यावरच्या वल्ह्याच्या होड्याही पुष्कळदा दोन्ही टोकांना निमुळत्या. अरबी समुद्रातल्या बगला, कोटिया अशा मोठ्या गलबतांना मात्र मागे रुंद भिंत असे, बगल्याच्या भिंतीवर तर भरपूर नक्षी. त्या घडणीत पोर्तुगीज जहाजांची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. तिथे भिंत सागवानी होती. जहाजं बांधणाऱ्या वाडियांनी मुंबईत सागात घडवलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. सागाच्या फळीचं दुखणं डोळ्यांना दिसतं, आणि कुजलेली फळी काढून नवी बसवता येते. पुढच्या गोष्टीत हीच सोय हरवली.

अमेरिकेत ओले एव्हिन्रूडने १९०९ साली टांगायचं इंजिन बाजारात आणलं. निमुळत्या टोकाला ते पकडता येत नाही. त्याला सपाट, जाड आणि बळकट पाठ हवी. १९४२ मध्ये ओहायोच्या रे ग्रीनने काचतंतू आणि रेझिन वापरून शिडाची छोटी बोट केली. क्लार्क मिल्सची मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ १९४७ साली प्लायवूडमध्ये जन्मली आणि पुढे फायबरची झाली. ‘लेझर’ १९७१ पासून फायबरमध्येच निघू लागली आणि १९९६ साली ऑलिंपिकला पोचली. साचा एक, बोटी हजारो.

पण काच आणि रेझिनचा पातळ थर एकटा इंजिनाचं ओझं पेलत नाही, लवतो. म्हणून दोन थरांमध्ये प्लायवूड कोंडायची पद्धत पडली, आणि भिंतीचं पुढचं सारं दुखणं या कोंडलेल्या लाकडात आहे. इंजिनाच्या बोल्टभोवतीचं सीलंट सुटतं, पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, मग कुजतं. वरचा थर चकचकीत राहतो आणि भिंत वाकडी होत जाते. काही बोटींत दोष जन्मापासूनच असतो. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. पुरतं घट्ट होण्याआधी बोट साच्यातून ओढून काढली तर पाठ पीळ खाते.

चांगला कारागीर आधी ऐकतो. हातोडीच्या मुठीने ठोकत जायचं; आवाज खणखणीत आला तर ठीक, भदभद आला तर आत ओल आहे. मग मोजणी. बोट सरळ टेकवून घेतल्याशिवाय ओळंबा आणि गुण्या खोटं बोलतात. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मध्यापासून पाठीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी ताणायची. दोन्ही अंतरं सारखी भरली तरच पाठ मधल्या रेषेशी काटकोनात आहे. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवून खळग्यांवर पेन्सिलीच्या खुणा करायच्या.

इथे मोह होतो तो पुटीचा. खळगे भरले, घासले, रंग मारला, दोन दिवसांत भिंत आरशासारखी. ही फसवणूक आहे, आणि ती पाण्यात उघडी पडते. योग्य रस्ता लांबचा आहे: एका बाजूचा थर कापायचा, कुजकं लाकूड शेवटच्या चिपेपर्यंत खरवडायचं, पोकळी कोरडी होऊ द्यायची, पुठ्ठ्याचा नमुना कापून सागरी प्लायवूड दाट केलेल्या इपॉक्सीत बसवायचं आणि सरळ, ताठ पट्ट्यांनी आवळून धरायचं. भिंत सरळ होते ती या आवळण्यात. नवा थर जुन्याला जोडताना काठ थराच्या जाडीच्या बारा पट तरी तासून उतरता करायचा. पुटी शेवटी, आणि पातळ. पॉलिएस्टर वापरायचं तर कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. हैदराबादच्या मे महिन्यात रेझिन डब्यातच आळतं आणि पावसाळ्यात लाकडातली ओल जात नाही, म्हणून हे काम हिवाळ्यात काढलेलं बरं.

लाकूड आणि काचतंतू एकत्र नांदू शकतात, याचा दाखला गोव्यात आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी गाभ्यावर काचतंतू चढवून ‘म्हादेई’ बांधली गेली आणि २००९ साली ती नौदलाच्या ताब्यात आली. त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ याच कारखान्यातली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी गोव्यालाच परतल्या. त्या सहा जणींतली एक, बोड्डपाटी ऐश्वर्या, हैदराबादची.