बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा आणि तो खरंच काम करतोय का, हे कसं तपासायचं?



पुण्यात आम्ही तिघं मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बाथरूममध्ये गॅस गिझर होता. आरसा कायम धुरकट आणि छतावर काळे डाग, म्हणून मीच पुढाकार घेऊन ८ इंची एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. मोठा पंखा म्हणजे जास्त हवा, एवढंच माझं गणित होतं.

डिसेंबरमधल्या एका सकाळी रूममेट आंघोळ करून बाहेर आला आणि दारातच खाली बसला. डोकं गच्च, मळमळ, पायात त्राण नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गिझर कुठे बसवलाय?" मी सांगितलं, "बाथरूममध्येच, पण एक्झॉस्ट फॅन चालू होता ना!" ते म्हणाले, "पंखा चालू होता, पण हवा आत कुठून येत होती?"

थंडी वाजते म्हणून खिडकीची फट आम्ही चिकटपट्टीने बंद केली होती आणि दार उंबऱ्याला घट्ट बसायचं. हवा यायला वाटच नव्हती. मित्र त्याच दिवशी बरा झाला, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. त्यानंतर या विषयात जे शिकलो, ते आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय.

एक्झॉस्ट फॅन नेमकं काय करतो?

एक्झॉस्ट फॅन हवा थंड करत नाही आणि शुद्धही करत नाही. तो आतली हवा बाहेर ढकलतो, बस. त्यामुळे खोलीतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत येते. फटच नसेल, तर पाती फिरतात, आवाज येतो, पण हवा फारशी हलत नाही. बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा, थोडी येते आणि मग थांबते. बंद बाथरूममध्ये पंख्याचं तेच होतं.

म्हणून पंखा घेण्याआधी हवा आत येण्याची वाट ठरवा:

- दाराखाली फट ठेवा. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली किमान १० मिलिमीटर फट ठेवायला सांगितलं आहे.
- आपल्याकडे बाथरूमला उंबरा असतो आणि दार त्याला टेकतं. अशा वेळी दाराच्या खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवून घ्या. पीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या दारांना ती सहज बसते.
- हवा पंख्याच्या समोरच्या बाजूने यायला हवी. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत पंखा बसवला आणि शेजारच्या पट्ट्या उघड्या ठेवल्या, तर हवा तिथूनच आत येते आणि पंख्यातून लगेच बाहेर जाते. आंघोळीच्या कोपऱ्यातली वाफ जागच्या जागी राहते. पंखा चालू असताना त्याच्या लगतच्या पट्ट्या बंद करा आणि हवा दाराकडून येऊ द्या.

गॅस गिझर असेल तर हे आधी वाचा

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद जागेत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. आपण ती "पित्त झालं असेल" म्हणून सोडून देतो.

लक्षात ठेवा, एक्झॉस्ट फॅन हा यावरचा उपाय नाही. लाइट गेली, कुणी बटण दाबायला विसरलं किंवा फट बंद झाली, की धोका पुन्हा तिथेच. काही गिझरना धूर बाहेर नेणारा पाइप असतो. तिथे तर जोरदार पंखा त्या पाइपमधला धूर उलटा आत ओढू शकतो.

खरा उपाय एकच, गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. आम्ही मालकांशी बोलून तो ड्राय बाल्कनीत हलवला आणि गरम पाण्याचा पाइप आत आणला. पण ड्राय बाल्कनी काचा लावून बंद केली असेल, तर तीही खोलीच झाली. तिथल्या खिडक्या उघड्याच राहायला हव्यात.

कुणाला आत त्रास झालाय असं वाटलं, तर दार उघडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, जाताजाता जमलं तर गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. तुम्ही स्वतः आत थांबू नका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही मिळतो. एलपीजी गळती ओळखणारा अलार्म वेगळा असतो, तो इथे चालत नाही. घेताना बॉक्सवर नाव नीट वाचा.

साइज किती घ्यायचा?

वाऱ्याचा आकडा बॉक्सवर दोनपैकी एका एककात असतो. सीएमएच म्हणजे ताशी किती घनमीटर आणि सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट. १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ सीएमएच.

बाथरूमची हवा तासात १० वेळा बदलायची असं धरलं, तर सूत्र सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा आणि ६ ने भागा. उत्तर सीएफएममध्ये येतं.

उदाहरण: ५ फूट × ७ फूट × ९ फूट = ३१५ घनफूट. ३१५ ÷ ६ = ५२.५ सीएफएम, म्हणजे साधारण ९० सीएमएच.

आता बॉक्सवरचा आकडा हा पंखा मोकळा असतानाचा असतो. पुढे जाळी, झडप किंवा पाइप आला की तो घटतो. म्हणून दीडपट ते दुप्पट धरा. वरच्या बाथरूमला १३५ ते १८० सीएमएच पुरे. ६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचे बरेच पंखे यात बसतात. आमच्या ८ इंचीची तिथे गरजच नव्हती.

कोणता प्रकार घ्यायचा?

१. खिडकीत किंवा भिंतीत बसणारा साधा पातीचा पंखा: भिंतीपलीकडे थेट बाहेरची हवा किंवा इमारतीची डक्ट असेल, तर हाच घ्या. स्वस्त आणि साफ करायला सोपा.

२. पाइपला जोडायचा पंखा: बाथरूम घराच्या मधोमध असेल आणि हवा काही फूट लांब न्यायची असेल, तर हा घ्या. साधा पातीचा पंखा लांब पाइपमध्ये दम टाकतो. पाइप शक्यतो सरळ आणि कमी वळणांचा ठेवा.

आणि एक चूक अजिबात करू नका. पाइपचं टोक फॉल्स सीलिंगच्या वर सोडून देऊ नका. वाफ तिथेच साचते आणि बुरशी तुम्हाला दिसत नाही, एवढाच फरक पडतो.

बॉक्सवर काय बघायचं?

- सीएमएच किंवा सीएफएम: फक्त इंच बघून पंखा घेऊ नका. एकाच साइजच्या दोन पंख्यांच्या वाऱ्यात बराच फरक असतो.
- आयपी रेटिंग: फोन घेताना आपण आयपी६८ बघतो ना, तेच. यातला दुसरा आकडा पाण्याचा. बाथरूमच्या पंख्याला आयपीएक्स४ असेल तर उत्तम, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे चालतात. पण फोनच्या या चाचणीत वाफ धरलेली नसते. आयफोन सॉना किंवा स्टीम रूममध्ये वापरू नका, असं खुद्द ॲपल सांगते. गाणी लावायची असतील तर फोन बाहेरच ठेवा.
- मागची झडप: पंखा बंद असताना ती आपोआप मिटते. त्यामुळे डक्टमधला वास, झुरळं आणि पाऊस आत येत नाही.
- जाळी: डक्टमध्ये कबुतरं असतील तर बाहेरून जाळी हवीच.
- वॅट: ३० वॅटचा पंखा रोज १ तास चालवला तर महिन्याला ०.९ युनिट लागतं. म्हणून बिलाच्या भीतीने तो बंद ठेवू नका.

बसवायचा कसा?

१. जागा: शक्य तितकी उंच, शॉवरच्या जवळच्या बाजूला आणि दारापासून लांब. गरम वाफ वर जाते आणि हवा पूर्ण खोली ओलांडून पंख्यापर्यंत येते.

२. माप: ६ इंच हे पात्यांचं माप असतं, भोकाचं नाही. भोकाचं माप सोबतच्या माहितीपत्रकात बघा. पंखा हातात आल्याशिवाय काच कापायला देऊ नका.

३. काच: साधी काच काचवाला गोल कापून देतो. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिचा चुरा होतो. तिथे ॲक्रिलिकची शीट लावा.

४. भिंत: कॉलम किंवा बीमला हात लावायचा नाही. बाहेरच्या भिंतीला भोक पाडण्याआधी सोसायटीची आणि भाड्याचं घर असेल तर मालकांची परवानगी घ्या. भिंतीतला पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. पंखा सरळ बसलाय का, हे फोनमधल्या लेव्हल ॲपवर दिसतं.

५. वायरिंग: हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मेन एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, मगच हात. पंख्याला अर्थिंगची जोड असेल तर ती सोडू नका. बटण बाथरूमच्या बाहेर ठेवा आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, ते विचारा. ओल्या जागेत शॉक लागला तर ती वीज क्षणात तोडते. एक्स्टेंशन बोर्डवरून पंखा चालवू नका.

फोन घ्या आणि तपासा

- टिश्यू टेस्ट: खिडकी आणि दार बंद करून पंखा लावा. टिश्यूचा एक पदर जाळीजवळ धरा. तो चिकटून राहायला हवा. आता दार उघडा. दार उघडल्यावर टिश्यू एकदम जोरात ओढला गेला, तर समजा की बंद दारात हवेला वाट कमी पडतेय. आमच्या घरी नेमकं हेच झालं.
- उदबत्ती टेस्ट: पेटती उदबत्ती दाराच्या फटीजवळ आणि मग शॉवरच्या कोपऱ्यात धरा. फोनचा टॉर्च बाजूने मारून स्लो मोशन व्हिडिओ काढा. धूर कुठे जातोय ते स्पष्ट दिसतं.
- आर्द्रता: २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता. आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो, त्यामुळे फक्त ॲप टाकून बाथरूमची आर्द्रता कळत नाही. छोटा ब्लूटूथ मीटर घ्या. आंघोळीनंतर आकडा किती वेळात खाली येतो ते बघा. आर्द्रता बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिली, तर बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

नेहमीचे प्रश्न

पंखा किती वेळ चालवायचा? आंघोळीच्या आधी लावा आणि नंतर १५ ते २० मिनिटं चालू राहू द्या.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उपयोग होतो का? होतो, पण मर्यादित. बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे आतली हवा तिच्याहून कोरडी होणार नाही. आधी वायपरने जमिनीवरचं आणि टाइल्सवरचं पाणी काढा, मग पंखा चालवा.

साफ कधी करायचा? दोन-तीन महिन्यांनी. वीज बंद करून पाती, जाळी आणि झडप पुसा. धुळीने जड झालेली झडप पूर्ण उघडत नाही आणि वारा कमी होतो.

इलेक्ट्रिक गिझर असेल तर? कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न नाही, पण वाफ आणि बुरशीसाठी पंखा हवाच.

मित्रांनो, नवा पंखा घेण्याआधी आज घरी टिश्यू टेस्ट करा. पाच मिनिटं लागतील. आणि ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, अशा मित्राला किंवा नातेवाइकाला हा लेख नक्की पाठवा. विशेषतः जे थंडीत खिडकी चिकटपट्टीने बंद करतात, त्यांना. आम्हीही तेच केलं होतं.