पांढरा पट्टा आणि लातूरचे पाणी

१/ आरंभीच्या टायरांचे रबर झिंक ऑक्साइडमुळे पांढरट असे. पुढे बळकटीसाठी जमिनीला टेकणाऱ्या भागात काजळी मिसळू लागले. तो काळा झाला, बाजू पांढऱ्या राहिल्या. सारा टायर काळा झाल्यावर तो पांढरा पट्टा डौलाची खूण ठरला.

२/ मोटारसायकलचा हा पट्टा राखणे कष्टाचे. चिखल धुऊन निघतो. पण काळ्या रबरातून झिरपणारी तेलकट द्रव्ये त्याला पिवळट करतात. मग साबण, ब्रश आणि भरपूर पाणी.

३/ एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणीच नव्हते. मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर कृष्णेचे पाणी घेऊन आली. त्यावर पहिला हक्क तहानेचा होता. चाकांच्या शुभ्रतेचा क्रमांक शेवटचा.