शंभर किलोमीटर आणि एक खडीचा ढीग



परवा संगणकातले जुने फोटो आवरत होतो, त्यात भाचीचा एक फोटो सापडला. फोटोत ती जिना उतरते आहे, पण उलटी! कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, दोन अंगठ्यांची नखं काळीनिळी, टाचांना पट्ट्या. पाहून आधी हसू आलं आणि मग हसू थांबलं.

भाची तेव्हा नोकरीनिमित्त हाँगकाँगला होती. २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो होतो. एका शुक्रवारी सकाळी ती ऑफिसमधल्या तिघांबरोबर 'ट्रेलवॉकर'ला गेली आणि शनिवारी संध्याकाळी परत आली. दरम्यान तिनं शंभर किलोमीटर डोंगरवाट तुडवली होती. कुठे चालत, कुठे पळत, रात्री कपाळाला दिवा बांधून. वेळेची मर्यादा अठ्ठेचाळीस तास. चौघांनी मिळून जायचं आणि ओळखीपाळखीच्यांकडून गरिबांसाठी देणग्या गोळा करायच्या, असा हा प्रकार.

जायच्या आधी तिनं माझ्याकडेही देणगी मागितली. मी दिली, पण मास्तरकीची खोड जाते कुठे! म्हटलं, "द्यायचे तर पैसे सरळ द्यावेत, त्यासाठी डोंगर कशाला चढायचे? भरल्या पोटाचे खेळ आहेत हे." ती काही बोलली नाही.

परत आल्यावर तीन दिवस ती घरीच होती. सौ. कोमट पाण्यात मीठ घालून तिचे पाय बुडवायची, रात्री खोबरेल तेल चोळायची. चढ माणसाचा दम काढतो, पण मांड्या मोडतो तो उतार. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार तोलून धरतात, त्यात त्यांचे बारीक तंतू दुखावतात, आणि खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून तो उलटा जिना.

तिच्याजवळ बसून मी या वाटेचा इतिहास वाचून काढला. सवयच ती. मॅक्लेहोस हे त्या वेळचे हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर. त्यांच्या नावाची ही वाट १९७९ साली खुली झाली. साई कुंगच्या किनाऱ्याकडून निघून पार पश्चिमेला तुएन मुनपर्यंत, दहा टप्प्यांत. वाटेत हाँगकाँगचा सर्वांत उंच डोंगर लागतो, ताई मो शान, ९५७ मीटर. १९८१ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या गुरखा सिग्नल्स रेजिमेंटनं सैनिकांच्या सरावासाठी या वाटेवर ट्रेलवॉकर सुरू केलं आणि त्यातूनच देणग्याही उभ्या केल्या. १९८६ पासून ऑक्सफॅम ही संस्था त्यात आली आणि सामान्य नागरिकांनाही भाग घेता येऊ लागला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं, गुरखे निघून गेले, पण चालणं राहिलं.

ऑक्सफॅमचं मूळ शोधलं तर तिथेही भूकच निघाली. १९४२ साली, महायुद्धात, ग्रीस शत्रूच्या ताब्यात होता आणि दोस्तांच्या नाकेबंदीमुळे तिथे धान्य पोचत नव्हतं. तिथल्या उपाशी लोकांसाठी ऑक्सफर्ड गावातल्या काही मंडळींनी समिती स्थापन केली, तीच पुढे ऑक्सफॅम झाली. १९५१ मध्ये बिहारच्या दुष्काळातही तिनं मदत केली होती.

दुष्काळ हा शब्द आला आणि मी वाचायचा थांबलो.

तिसऱ्या रात्री भाची एकदम म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. मी काय मोठं केलं? नीडल हिलच्या पायऱ्यांवर माझ्या पायात गोळे आले. पुढची सगळी वाट ते तिघं माझ्यासाठी थांबत थांबत आले. माझ्यामुळे त्यांचे कितीतरी तास गेले." आणि रडायला लागली. तेव्हा कळलं, पाय बरे होत होते, दुखत होतं ते दुसरंच.

मग मी तिला तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक गोष्ट सांगितली. ती मी घरात कधीच कोणाला सांगितली नव्हती.

आमचं गाव माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरं गेली. मी साताऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो तर वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. घरात मिलोची भाकरी. त्यांचे तळहात मी पाहिले, फोडांवर फोड. मजुरी मिळायची ती ढिगाच्या मापावर, आणि ढीग सगळ्या टोळीचा मिळून. मध्येच वडिलांना ताप भरला, आठ दिवस अंथरुणात. त्यांच्या वाटणीची खडी टोळीतल्या लोकांनी फोडली आणि मजुरीचा वाटाही घरी आणून दिला. ताप उतरला तरी वडील लाजेनं कामावर जाईनात. तेव्हा टोळीतली एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "दादा, ढीग काय एकट्याचा असतो व्हय?" दुसऱ्या दिवशी वडील हातोडा घेऊन निघाले.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, मी न चालता मागितलं असतं, तर तुम्ही दिले असते?"

खरं सांगतो मंडळी, नसते दिले.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही. वडिलांपुढे दुसरा मार्ग नव्हता. भाचीला वाटेल तेव्हा गाडी बोलावून घरी येता आलं असतं. तिची वाट खुली झाली त्याच १९७९ साली, २६ जानेवारीला, आपल्याकडे रोजगार हमीचा कायदा लागू झाला. तिकडे सुट्टीत चालायला वाट, इकडे मागेल त्याला काम. एवढं अंतर विसरून कसं चालेल? पण हातावरचे फोड पाहिलेला मी, पायावरचे फोड पाहून 'खेळ' म्हणून मोकळा झालो, ही माझी चूक होती. ती मी त्या रात्री कबूल केली.

चौथ्या दिवशी ती जिना सरळ उतरली. त्या तिघांना तिनं जेवायला बोलावलं, सौ.नं पिठलं-भाकरी केली. 'ढीग एकट्याचा नसतो' हे भाचीनं त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांना नीटसं कळलं नसावं. पण ते तर आधीच तसे वागले होते.

असो. फोटो मात्र मी पुसलेला नाही.