आस्क, डिमांड, इंटरॉगेट: कोण कोणाला विचारतंय?

आजचा भाग माझ्या एका फजितीपासून सुरू करतो.

नोकरीचं पहिलं वर्ष. इंग्लंडमधल्या टीमबरोबर कॉल चालू होता. तिथल्या एका सीनियर इंजिनियरने लिहिलेला कोड मला नीट कळला नव्हता. मी आपलं सरळ म्हणालो, ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर कोड.’ दोन सेकंद शांतता. मग तो थंड आवाजात म्हणाला, ‘काय चुकलंय ते सांग.’ अरे बाबा, काही चुकलंय असं मला म्हणायचंच नव्हतं!

कॉलनंतर लीडने समजावलं. त्यांच्याकडे ‘क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न, आणि ‘डाउट’ म्हणजे खात्री नसणं, कधी कधी थेट अविश्वास. आपल्याकडे सर वर्गात विचारतात, ‘काही शंका?’ मराठीतली शंका दोन्ही कामं करते. आपण तीच उचलून इंग्रजीत नेतो आणि समोरच्याला वाटतं, हा माझ्या कामावर संशय घेतोय.

तेव्हापासून मला एक प्रश्न छळायला लागला. साधं ‘विचारणं’ किंवा ‘मागणं’ यासाठी इंग्रजीत इतके शब्द कशाला? आस्क, क्वेश्चन, रिक्वेस्ट, डिमांड, इंटरॉगेट. अर्थ शेजारी-शेजारी, पण चुकीचा शब्द चुकीच्या माणसाला वापरला की काम बिघडतं.

याचं उत्तर शोधायला आपल्याला जवळपास हजार वर्षं मागे जावं लागतं. १४ ऑक्टोबर १०६६. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी इंग्लंडचा राजा झाला. आता गंमत बघा. नवे सरदार फ्रेंच बोलायचे. चर्च आणि दफ्तर लॅटिनमध्ये चालायचं. आणि शेतात राबणारा माणूस इंग्रजी बोलायचा.

१०८५ च्या नाताळात विल्यमने हुकूम काढला: सगळ्या राज्याची मोजदाद करा. पुढच्या वर्षी राजाची माणसं ठिकठिकाणी जाऊन लोकांकडून शपथेवर माहिती घेत होती. ही जमीन कोणाची? आधीच्या राजाच्या काळात कोणाची होती? नांगर किती, गिरण्या किती? त्यातून जे दफ्तर तयार झालं, ते म्हणजे प्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’. विचारणारे सत्तेतले, उत्तर देणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे, आणि लिहिलं गेलं लॅटिनमध्ये. एका प्रश्नोत्तरात तीन भाषा!

फ्रेंच शब्द काही रातोरात इंग्रजीत आले नाहीत. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत वरच्या वर्गातली माणसं हळूहळू स्वतःच इंग्रजी बोलायला लागली, आणि येताना आपले शब्द घेऊन आली. ‘आस्क’ हा मूळचा इंग्रजी, घरातला शब्द. आई मुलाला, मित्र मित्राला विचारतो तो.

‘डिमांड’ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे आजही साधं विचारणं, त्यात काही जोर नाही. पण इंग्लंडमध्ये हा शब्द कोर्टकचेरीच्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता हक्काने मागणं. म्हणून इंग्रजीत ‘आय डिमांड’ म्हटलं की समोरचा सावध होतो. ‘रिक्वेस्ट’ही फ्रेंचमधूनच आला, पण तो अर्ज करणाऱ्याच्या तोंडचा, म्हणून नरम. आणि लॅटिनमधला ‘इंटरॉगेट’? मुळात त्याचाही अर्थ विचारणंच. आज तो ऐकला की पोलीस चौकी आठवते.

१३६२ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला, की कोर्टात बाजू इंग्रजीत मांडायची, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. हा कायदा लिहिला होता कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये! कोर्टाचं कागदोपत्री कामकाज पूर्णपणे इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडलं. तोपर्यंत ‘जज’, ‘ज्युरी’, ‘व्हर्डिक्ट’ हे फ्रेंच पाहुणे घरचेच झाले होते.

आता हसू नका, आपलंही तेच आहे. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरी अर्ज, फिर्याद, वकील, जबाब आजही मराठीत ठाण मांडून आहेत. इंग्रजीत मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात: एक शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिनमधून आलेला, अर्थ जवळपास एकच. आणि आपण काय लिहितो? ‘विनंती अर्ज’. विनंती संस्कृत वळणाची, अर्ज अरबी. मित्राला आपण ‘विचारतो’, साहेबांकडे ‘अर्ज’ करतो आणि पोलीस आपला ‘जबाब’ घेतात.

म्हणजे माझ्या त्या कॉलवर घोळ ग्रामरचा नव्हताच. वाक्य बरोबर होतं. प्रत्येक शब्दासोबत ‘कोण कोणाला विचारतंय’ हे चिकटून येतं, आणि ते डिक्शनरीच्या एका ओळीत दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी ‘डाउट’ किंवा ‘डिमांड’ टाइप करताना फक्त अर्थ बघू नका. हा शब्द कोण वापरतं, कोणासमोर वापरतं, तेही बघा. मी तर आता कोणताही मेल पाठवण्याआधी ‘डाउट’ सर्च करून काढून टाकतो.

त्या सीनियरला मी दुसऱ्या दिवशी मेसेज केला: ‘कॅन आय आस्क यू समथिंग?’ त्याने अर्धा तास बसून अख्खा कोड समजावून सांगितला.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, काही शंका असतील तर मराठीत बिनधास्त विचारा!